विलोचा फोक मोडत का नाही?

इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या सखल, पाणथळ जमिनीत विलोची शेती होते. पानगळीनंतर, हिवाळ्यात, झाड बुंध्यापर्यंत छाटतात. वसंतात त्याच खोडातून सरळसोट, बिनफांद्यांचे फोक फुटतात आणि एका हंगामात दोन मीटरपर्यंत, कधी त्याहूनही उंच वाढतात. टोपल्यांसाठी लागतात ते हेच.

फोकांचे रंग ठरतात प्रक्रियेवर. सालीसकट वाळवले तर तपकिरी. काही तास उकळून सोलले, तर सालीतलं टॅनिन लाकडात उतरतं आणि बदामी छटा येते. पांढऱ्यासाठी कापलेले फोक वसंतापर्यंत पाण्यात उभे ठेवतात. रस चढू लागला की साल अलगद सुटते.

वाळलेला फोक वाकवला तर तडकतो. म्हणून विणण्याआधी तो भिजवतात. पाणी पेशीभित्तिकांमध्ये शिरतं, तिथल्या लांब रेणूंमधली पकड सैल होते आणि लाकूड लवचीक बनतं. आधी बूड, मग कडेनं उभ्या काड्या, त्यांच्या आत-बाहेरून आडवे फोक. सुकताना आकार पक्का होतो आणि फोकांमधलं घर्षण टोपली धरून ठेवतं. खिळा नाही, डिंक नाही.

अशी वीण धक्क्यानं फुटत नाही, थोडी दबून तो पसरवते. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यानं पॅराशूटनं रसद टाकायला विलोच्या पेट्या वापरल्या. उष्ण हवेच्या फुग्यांखालचे पाळणे आजही वेताचे किंवा विलोचे असतात.

आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणारा वाळुंज याच कुळातला.