वारा बघून तोडायची शेंग

खाजकुयली ही घेवड्याच्या कुळातली रानवेल. शास्त्रीय नाव म्युकुना प्रुरिएन्स. मराठीत तिला कुहिली, काचकुइरी असेही म्हणतात. संस्कृतात ती कपिकच्छू, म्हणजे माकडालाही खाज आणणारी, आणि आत्मगुप्ता, म्हणजे स्वतःची राखण स्वतःच करणारी. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र ती नुसते ‘कौंच बीज’ असते. त्याच्या तराजूवर पोचेपर्यंत खाज संपलेली असते; ती कोणीतरी आधीच सोसलेली असते.

गोंदिया जिल्ह्यात नवेगाव बांधच्या आसपासचे पानझडी रान, बांबूची बेटे आणि शेताची कुंपणे या वेलीला मानवतात. पहिल्या पावसात ती उगवते, तीन-तीन पानांचे हात पसरत आधारावर चढते. पावसाळा सरताना जांभळ्या फुलांचे घोस लोंबू लागतात आणि हिवाळ्यात शेंगा वाळतात. कोहळी समाजाने बांधलेल्या नवेगाव बांधच्या जुन्या तलावावर पाहुणे पक्षी बघायला गर्दी होते, तोच हा हंगाम. दुर्बिणी पाण्याकडे लागलेल्या असतात. पाठीमागच्या झुडपावर सोनेरी मखमल पांघरलेल्या, इंग्रजी ‘एस’सारख्या वळलेल्या शेंगा लटकत असतात. हात लावावासा वाटतो, तिथेच फसगत होते.

ती मखमल म्हणजे सुटे, ताठ केस. एकेक केस जेमतेम २ मिलिमीटरचा. टोक कातडीत घुसते, केस मोडून तिथेच राहतो आणि त्यातले म्युक्युनेन नावाचे प्रथिन कातडीखालच्या मज्जातंतूंना चेतवते. आग्यासारख्या डंख मारणाऱ्या झाडांचा केस पोकळ सुईसारखा असतो. तो रस टोचतो आणि आग होते. खाजकुयलीत मात्र केसातले प्रथिनच काम करते. शिवाय ही खाज हिस्टामिनमुळे होत नसल्याने ॲलर्जीची नेहमीची गोळी तिच्यापुढे फारशी चालत नाही. खाजवले की केस आणखी रुततात. गावाकडचा उपाय म्हणजे शेण किंवा चिखल लावायचा, वाळू द्यायचा आणि खरवडून काढायचा. उपाय गावंढळ वाटला तरी बरोबर आहे: खाज घालवायची तर आधी केस काढायला हवेत.

म्हणून तोडणारी बाई वेलीकडे बघण्याआधी वारा बघते. सगळे काम या एका नजरेवर चालते. ती वाऱ्याकडे पाठ करून उभी राहते, पदर नाकातोंडावरून घट्ट बांधते आणि दव असतानाच तोड उरकते. ओला केस उडत नाही. उन्हे चढली की तोच धुळीसारखा डोळ्यांत जातो. शेंगेला बोट न लावता विळ्याने देठ कापायचा आणि घोस पोत्यात पाडायचा. मग शेंगा ओल्या करून किंवा जाळावर होरपळून केस घालवायचे, वाळवायच्या, बडवायच्या. एका शेंगेत साधारण ४ ते ६ बिया निघतात. चार बियांसाठी वाऱ्याशी एवढी बोलणी! नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तोड करता येत नाही. बाहेरच्या रानात वनहक्क कायदा, २००६ गौण वनोपजावर पारंपरिक वननिवासींचा हक्क मानतो.

केसांनाही एके काळी गिऱ्हाईक होते. एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातले वैद्य ते काकवीत किंवा मधात कालवून जंतांवर देत. इंग्रजीतले ‘काउएज’ हे नाव हिंदी ‘केवाँच’वरूनच गेले.

बीचा मान मोठा. आयुर्वेदात ती दुधात उकडून, साल काढून वापरतात. वानरी गुटिका तिचीच. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी बीतून एल-डोपा वेगळे केले. पुढे हेच द्रव्य कंपवातावरचे मुख्य औषध ठरले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६० कंपवात रुग्णांना बियांची भुकटी देऊन गुण तपासला गेला. २००४ च्या लंडनमधल्या चाचणीत रुग्ण ८ च होते, पण ३० ग्रॅम भुकटीचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला. ‘शक्तिवर्धक’ म्हणून ती चमच्याने खाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की हे औषध आहे: प्रमाण चुकले तर मळमळ आणि भास होतात.

लागवड सोपी. पावसाच्या तोंडावर बी टोकायचे आणि आधाराला काठ्या रोवायच्या. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या ‘अर्का धन्वंतरी’ आणि ‘अर्का अश्विनी’ या वाणांच्या शेंगांना खाज नाही. शेतकऱ्याची सोय झाली, हे खरे. पण रानातली वेल अजून त्या २ मिलिमीटरच्या केसांनीच राखण करते आणि ती तोडणाऱ्या हातांना हे वाण काही उपयोगाचे नाहीत. उंच बांबूवरच्या शेंगा बहुधा कोणी काढत नाही. उन्हाळ्यात त्या तिथेच तडकतात, काळ्या-करड्या बिया बुंध्याशी पडतात आणि मृगाच्या सरींनी रुजतात.