शीट मेटलमधील तीव्र वाक आणि कॅड प्रारूपाच्या मर्यादा

प्रस्तावना :

संगणक साहाय्यित आरेखन, अर्थात कॅड, हा आता अभियांत्रिकी अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग झाला आहे. पत्र्याचा भाग पडद्यावर वाकवून दाखवणे आणि एका आज्ञेत त्याचा सपाट आराखडा, म्हणजे फ्लॅट पॅटर्न, मिळवणे विद्यार्थ्यांना सहज जमते. मात्र आतील त्रिज्या पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी असेल, तर पडद्यावरील आराखडा आणि प्रेस ब्रेकवरून उतरणारा भाग यांत अंतर पडते. प्रस्तुत लेखात या अंतराची कारणे स्पष्ट केली आहेत.

सपाट लांबीचे गणित :

पत्रा वाकवताना त्याच्या बाहेरील थरावर ताण व आतील थरावर दाब येतो. या दोहोंच्या मध्ये ज्या थराची लांबी बदलत नाही, तो उदासीन अक्ष होय. आतील पृष्ठभागापासून या अक्षाच्या अंतराला जाडीने भागले असता के-फॅक्टर मिळतो. ९० अंशांच्या वाकासाठी बेंड अलाउन्स = १.५७१ × (आतील त्रिज्या + के-फॅक्टर × जाडी). सॉफ्टवेअर वाकाच्या जागी या लांबीची सपाट पट्टी ठेवते. येथे धातूविषयी जे काही ज्ञान आहे ते सारे के-फॅक्टर या एका आकड्यात साठवलेले असते, आणि तो आकडा सॉफ्टवेअर स्वतः शोधत नाही. तो भरावा लागतो. काही प्रणालींत तो ०.५, काहींत ०.४४ असा आधीच भरलेला असतो. तो बदलण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

उदाहरणादाखल २ मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलचा, बाहेरून ५० व ३० मिमी भुजांचा एक अँगल घेऊ. आरेखकाने कोपरा रेखीव दिसावा म्हणून आतील त्रिज्या ०.५ मिमी दिली. के-फॅक्टर ०.५ धरल्यास सपाट लांबी ७७.३६ मिमी येते, तर ०.३३ धरल्यास ७६.८२ मिमी. एका वाकात अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक केवळ एका गृहीतकामुळे पडतो.

याहून मोठी चूक त्रिज्येतच दडलेली असते. एअर बेंडिंगमध्ये आतील त्रिज्या पंचाच्या टोकापेक्षा मुख्यत्वे व्ही-डायच्या तोंडाच्या रुंदीवर ठरते. माइल्ड स्टीलसाठी ती त्या रुंदीच्या सुमारे १६ टक्के येते. जाडीच्या आठपट तोंड घेण्याच्या प्रघातानुसार १६ मिमी डायवर ही त्रिज्या २.५६ मिमी होईल, रेखाचित्रावर ०.५ लिहिले म्हणून ती बदलत नाही. धारदार पंच वापरल्यास आत एक घडी उमटते, इतकेच. या त्रिज्येला के-फॅक्टर ०.४२ मानल्यास आवश्यक लांबी ७६.२२ मिमी येते. म्हणजे पहिल्या हिशेबाने कापलेला पत्रा १.१४ मिमी लांब ठरला. चार वाकांच्या आवरणात हीच चूक साडेचार मिलिमीटरवर जाते, छिद्रे जागा सोडतात आणि दोष मात्र बहुधा प्रेस ब्रेक चालवणाऱ्या कारागिराच्या माथी मारला जातो.

शून्य त्रिज्येचा प्रश्न :

पूर्ण मिटलेली किनार दाखवताना आतील त्रिज्या शून्य हवी असते. शून्य त्रिज्येत आतील दंडगोलाकार पृष्ठभाग आकुंचून एक रेषा उरतो आणि भूमितीची आज्ञा अनेकदा फसते. बाहेरील पृष्ठभागावरून आत जाडी देताना बाहेरील त्रिज्या जाडीपेक्षा कमी असेल, तर आतील त्रिज्या ऋण होते. तेथेही हेच घडते. यावर त्रिज्या ०.०१ मिमी देण्याची युक्ती प्रचलित आहे. चित्रापुरती ती योग्य आहे. सपाट लांबीसाठी नाही. डीआयएन ६९३५ या जर्मन मानकातील सूत्रानुसार त्रिज्या व जाडी यांचे गुणोत्तर घटत जाते तसा उदासीन अक्ष आतील बाजूस सरकतो. गुणोत्तर ०.२५ असता के-फॅक्टर सुमारे ०.१७ येतो, आणि गुणोत्तर ०.०५ च्या खाली गेले की तो ऋण होतो, म्हणजे उदासीन अक्ष पत्र्याच्या बाहेर! २ मिमी पत्र्यात ०.०१ मिमी त्रिज्येचे गुणोत्तर ०.००५ आहे. अशा वाकासाठी सूत्र निरुपयोगी ठरते.

धातूची बाजू :

प्रारूपात वाकावरही जाडी अबाधित राहते. प्रत्यक्षात तीव्र वाकावर पत्रा पातळ होतो, आणि बाहेरील थराची सोसण्याची क्षमता संपली की तडकतो. किमान त्रिज्या व जाडी यांचे गुणोत्तर ५० भागिले क्षेत्र-घट टक्केवारी, वजा १, असे अंदाजाने काढता येते. ज्या धातूची क्षेत्र-घट ५० टक्के आहे तो तत्त्वतः शून्य त्रिज्येवर वाकेल. २५ टक्के असल्यास त्रिज्या किमान जाडीइतकी हवी. ६०६१-टी६ हे ॲल्युमिनियम मिश्रधातू तीव्र वाकावर तडकते, तर ५०५२-एच३२ बरेच सोसते. वाकाची रेषा रोलिंगच्या दिशेला समांतर असेल तर धोका वाढतो. यांपैकी कशाचाही इशारा सर्वसाधारण शीट मेटल प्रारूप स्वतःहून देत नाही.

अरुंद डाय घेऊन वाक घट्ट करता येतो. १२ मिमी तोंडावर त्रिज्या १.९२ मिमी येईल, पण लागणारे बल सुमारे एक तृतीयांशाने वाढते. म्हणूनच प्रयोगशाळेत त्याच जाडीची मोजलेली पट्टी उपलब्ध डायवर वाकवावी, दोन्ही भुजा व त्रिज्या मोजाव्यात आणि त्यावरून मागे जाऊन के-फॅक्टर काढावा. तो डायच्या क्रमांकासह बेंड टेबलमध्ये नोंदवून मगच प्रारूप उलगडावे. या प्रात्यक्षिकास एक कात्री, एक व्हर्नियर, एक त्रिज्यामापी आणि पत्र्याचे तुकडे पुरतात.