पाहुणा दहा हजार देतो, गावात थांबतात किती? : मालवणचा हिशेब



हल्ली किनाऱ्यावरच्या गावांत गटाची बैठक असली की बचत आणि हप्ते आटोपल्यावर एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, आता आमच्याकडेही पर्यटक येऊ लागलेत. घरातल्या दोन खोल्या काढून द्याव्यात का? कर्ज मिळेल का?" कर्ज कसे मिळते ते आम्ही सांगूच. पण त्याआधी, ज्या गावाने हा धंदा बरीच वर्षे केला आहे, त्या गावाकडे नीट बघू. म्हणून आजचा भाग मालवणवर.

मालवण सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. तिथे नगर परिषद आहे, म्हणून त्याला शहर म्हणायचे. पण शहर लहानच. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या वीस हजारांच्या आत होती. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा नाताळात तिथल्या बाजारपेठेत गेलात, तर हे लहान गाव आहे यावर विश्वास बसणार नाही.

लोक येतात ते आधी किल्ल्यासाठी. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ला बांधला. पायाभरणी झाली २५ नोव्हेंबर १६६४ ला, आणि तीनेक वर्षांत काम पुरे झाले. किल्ल्यात राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्गही आहे. जवळच तारकर्ली आणि देवबागचे किनारे आहेत. पाण्याखाली जाऊन प्रवाळ आणि मासे दाखवणारे स्कुबा डायव्हिंग आहे. आणि मालवणी जेवण तर आहेच.

पूर्वी मालवणचा पैसा दोन वाटांनी यायचा. एक समुद्रातून, दुसरी मुंबईच्या मनिऑर्डरीतून. घरचा माणूस गिरणीत किंवा कचेरीत चाकरमानी असायचा आणि गावातली बाई शेती, गुरे आणि सासू-सासरे सांभाळायची. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मालवणला स्टेशन नाही, पण कुडाळ किंवा कणकवलीला उतरून येता येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. मग तिसरी वाट उघडली : पाहुण्याच्या खिशातून येणारा पैसा. ज्यासाठी घर सोडून मुंबईला जावे लागायचे, तो पैसा आता दारात येतो. ही मोठी गोष्ट आहे. ती कमी लेखू नका.

दहा हजारांचे वाटे

दारात आलेला पैसा घरात थांबतो का, हा खरा प्रश्न. सोपा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत.

समजा, चौघांचे कुटुंब दोन दिवस आले आणि दहा हजार रुपये खर्च करून गेले. खोलीचे चार हजार, जेवणाखाणाचे साडेतीन हजार, होडी आणि समुद्रातल्या खेळांचे दीड हजार, आणि घरी न्यायच्या वस्तूंचे एक हजार.

आता पहिले घर घ्या. मालकाने जागा बाहेरच्या माणसाला चालवायला दिली आहे. त्याला ठरलेले भाडे मिळते, बाकीचा नफा चालवणारा घेऊन जातो. खोली मोबाइलवरच्या कंपनीतून ठरली. कंपनीने समजा शंभराला पंधरा कापले, तर चार हजारांतले सहाशे रुपये गावात पोचलेच नाहीत. स्वयंपाकात तयार मसाल्याची पाकिटे, सोबत बाटलीबंद थंड पेय. घरी न्यायला घेतलेली शिंपल्यांची माळसुद्धा परगावच्या कारखान्यातली. गावाकडे उरली ती थोडी मजुरी, थोडे भाडे आणि होडीवाल्याचे पैसे. आणि हो, कचरा. तो मात्र सगळा गावातच थांबला.

दुसरे घर घ्या. घरातलीच बाई खोल्या चालवते. गेल्या वर्षी येऊन गेलेल्या पाहुण्याने फोन करून खोली ठरवली. सकाळी घावणे, त्याचे तांदूळ शेजारच्या वाडीतले. मसाला गटाने कांडून आणलेला. सोलकढीचे कोकम गटाच्या बायकांनी मे महिन्यात वाळवलेले. सुरमई, बांगडा बंदरावरच्या मासेविक्रेत्या बाईकडून घेतलेला. चादरी धुऊन देते ती शेजारीण. जाताना पाहुण्याने खाजा, खडखडे लाडू आणि आगळाची बाटली नेली.

दोन्ही घरांत पाहुण्याने दहा हजारच दिले. पहिल्या घरातून ते आले तसे निघून गेले. दुसऱ्या घरात तेच पैसे पाच-सहा हातांतून फिरले. मालवणात रापण ओढतात तेव्हा दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा धरतात, लहान असो वा मोठा. पर्यटनाकडे तसेच बघा. या दोराला आपल्या गावातले किती हात लागलेत, ते मोजा.

यातून आपल्याला एक उपयोगाची गोष्ट कळते. प्रत्येकीने खोल्याच बांधल्या पाहिजेत असे नाही. दहा बायकांनी दहा ठिकाणी कर्ज काढून खोल्या बांधल्या, तर त्या एकमेकींच्याच गिऱ्हाइकावर टपून बसतील आणि भाडे पाडतील. त्यापेक्षा तिघींनी खोल्या चालवाव्यात, चौघींनी मसाला, पीठ आणि कोकम पुरवावे, दोघींनी धुलाईचे काम घ्यावे, एकीने भाजीचा वाफा लावावा. मालवणच्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी तर एकही खोली न बांधता धंदा उभा केला. मांडवी खाडीत त्या स्वतः होडी वल्हवतात आणि पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. इतकी वर्षे ज्या खाडीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तीच त्यांचे भांडवल झाली.

आठ महिने कमाई, बारा महिने पोट

दुसरा धडा मोसमाचा. मे महिना संपताना समुद्र खवळतो. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि समुद्रातले खेळ बंद होतात, ते साधारण ऑगस्ट अखेरपर्यंत. जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. म्हणजे मालवणच्या दोन्ही कमाया एकाच वेळी थांबतात. नारळी पौर्णिमेला बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो, तेव्हा तो नुसता सण नसतो. पुन्हा चूल नीट पेटण्याची ती सुरुवात असते. गणपतीत चाकरमानी येतात, पण ते घरचे. त्यांच्याकडून खोलीभाडे कोण घेणार? खरी गर्दी दिवाळीच्या सुट्टीपासून. पुढे नाताळ, मग आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा, आणि शेवटी मे.

कर्जाचा हप्ता मात्र पावसाळा ओळखत नाही. समजा, महिन्याचा हप्ता चार हजार आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे सोळा हजार कुठून आणायचे? उत्तर आधीच ठरवायचे. मोसमाच्या आठ महिन्यांत दरमहा दोन हजार वेगळे काढून ठेवले, तर बरोबर सोळा हजार होतात. ही रक्कम घरच्या डब्यात नको, गटाच्या खात्यात ठेवा. डब्यातली रक्कम गणपतीपर्यंत टिकत नाही, हे आपण सगळ्या जाणतो. गटाचे अंतर्गत कर्ज असेल, तर मोसमात मोठा हप्ता आणि पावसाळ्यात फक्त व्याज, असा ठराव बैठकीत करून घ्या.

आणि मोसमही दरवर्षी हाती येतोच असे नाही. २०२० मध्ये ऐन मे महिन्यात टाळेबंदी होती. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मालवणच्या किनाऱ्याला झोडपले. झाडे, छपरे, होड्या, विजेचे खांब, सगळ्याचे नुकसान झाले. सलग दोन मे महिने गेले. अशा वेळी ज्या घरात मासेमारी, आंबा-काजू, कोकम किंवा दुसरा हातचा धंदा होता, तिथे खायला काही तरी होते. ज्यांनी सगळे विकून खोल्या बांधल्या, त्यांचे हाल झाले असणार हे सांगायला नको. म्हणून पर्यटन हे जोडधंद्यासारखे धरा. कलम तोडून, शेत बुजवून खोली बांधायची वेळ आली, तर दोनदा विचार करा. पाहुणाही तुमच्याकडे माड-पोफळी आणि मासे बघायलाच येतो. तेच गेले तर तो येईल कशाला?

पाणी, कचरा आणि जीव

सिंधुदुर्ग किल्ल्याला चारी बाजूंनी खारे पाणी, पण आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. लोकांना त्याचे नवल वाटते. पण त्यातली खरी शिकवण अशी, की वस्ती करायची तर आधी पाण्याचे बघायचे. किनाऱ्यावर मे महिन्यात पाहुणे सर्वांत जास्त आणि विहिरीला पाणी सर्वांत कमी. उपसा वाढला की समुद्राजवळच्या विहिरीत खारेपणा शिरतो, आणि एकदा शिरला की लवकर जात नाही. देवबागसारख्या गावात, जिथे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, तिथे तर हे फारच जपावे लागते. तेव्हा खोल्या किती काढायच्या ते आपल्या विहिरीला विचारून ठरवा. शौचालयाची टाकी विहिरीपासून लांब ठेवा. कचऱ्याचे काय करणार, ते पहिल्या पाहुण्याच्या आधी ठरवा.

सुरक्षेचेही तेच. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. तुमच्या घरातून पाहुणा होडीवर जाणार असेल, तर परवाना असलेली होडी आणि अंगात जीवरक्षक जॅकेट याशिवाय पाठवू नका. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.

कागद कोणाच्या नावावर?

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. पहाटे पाचला उठून घावण्यांचे पीठ भिजवते ती बाई. खोल्या झाडते, भांडी घासते, पाहुण्यांशी बोलते ती बाई. पण घर सासऱ्यांच्या नावावर, नोंदणी नवऱ्याच्या नावावर आणि पाहुण्याने मोबाइलवरून पाठवलेले पैसे मुलाच्या खात्यात. मग तिला तिच्या कामाचे किती मिळाले, हे तिलाही सांगता येत नाही.

२०२३ मध्ये राज्य सरकारने 'आई' नावाचे महिलांसाठीचे पर्यटन धोरण आणले. त्यात महिलेच्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळण्याची सोय आहे. पण अट अशी, की व्यवसाय महिलेच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला हवा आणि पर्यटन संचालनालयाकडे त्याची नोंदणी हवी. म्हणजे कागद आपल्या नावावर नसेल, तर ही सोय आपल्यासाठी नाही. त्यामुळे कर्जाचा विषय काढण्याआधी घरात नावाचा विषय काढा. भांडण करायला नको. "नोंदणी माझ्या नावावर असेल तर व्याज वाचेल" एवढे सांगितले, तरी बरीच घरे ऐकतात. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणीही करून घ्या.

पुढच्या बैठकीत एक काम करा. मोठ्या कागदावर आपल्या गावातल्या एका पाहुण्याच्या खर्चाची यादी लिहा. खोली, चहा, मासे, तांदूळ, मसाला, नारळ, होडी, भेटवस्तू. प्रत्येक वस्तूपुढे ती कोणाकडून घेतली ते नाव घाला. बाहेरून आलेल्या वस्तूंवर लाल खूण करा. त्या लाल खुणांपैकी कोणत्या तीन वस्तू आपला गट करू शकतो, तेवढे ठरवा. आणि बाईच्या कामाचे तास त्याच कागदावर लिहायला विसरू नका. ती मजुरी खर्चात धरली नाही, तर नफ्याचा आकडा खोटा निघतो.

कागद झाला की आम्हाला दाखवा. कर्जाचा अर्ज त्यानंतर भरू.