थंडीतली सायकल आणि आपली पावले

थंडीची चाहूल लागली की आपण कपाटाच्या वरच्या कप्प्यातले गाठोडे खाली काढतो. स्वेटर, मफलर, कानटोप्या उन्हात पडतात आणि डांबराच्या गोळ्यांचा वास दोन दिवस घरभर फिरतो. मुलांचे मोजे जोडीने लागतात की नाही ते पाहिले जाते, ‘ह्यांच्या’ बुटांचे तळ तपासले जातात. आणि आपल्या पायांचे काय? तर ते चपलेत! दूध आणायला चपलेत, भाजीला चपलेत, आणि पहाटेच्या गारठ्यात सायकलवरून सकाळच्या शाळेला, क्लासला किंवा नोकरीवर जातानाही चपलेतच.

“आपल्याकडे अशी कितीशी थंडी असते हो?” असे कुणी म्हणेल. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता, आणि उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नागपूरने २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश पाहिले. आमच्या नाशिककडे तर निफाडच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात ठरलेलीच. आणि हे आकडे एका जागी ठेवलेल्या तापमापकाचे. सायकलवर बसलेल्या बाईला तिच्या स्वतःच्या वेगाने लागणारा वारा असतो तो वेगळाच.

सायकल मारताना अंगाला घाम येतो, पण पाय मात्र बर्फ होतात, हा अनुभव तुम्हालाही असेल. त्याचे कारण साधे आहे. चालताना पाऊल वाकते, टाच उचलली जाते, बोटे जमिनीला रेटा देतात आणि या हालचालीने पावलात ऊब राहते. सायकलवर मांड्या आणि पोटऱ्या काम करतात. पाऊल मात्र पायडलवर ठेवल्याजागी नुसते वारा खात बसते. शिवाय अंगाला गारठा लागला की शरीर आधी हृदय, फुप्फुसे अशा आतल्या अवयवांची काळजी घेते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. म्हणजे पाय गार पडण्याची सुरुवात पुष्कळदा छातीपासून होते. म्हणून आधी छाती आणि कान झाका, मग मोज्यांचा विचार करा. साडी सायकलवर वर सरकते आणि घोटा, पोटरी उघडी पडते. पावलात जाणारे रक्त घोट्यावरूनच जायचे आणि तिथे त्याला पुरेशी चरबीची दुलईही नसते. तेव्हा घोट्याखाली संपणारे ते छोटे फॅशनचे मोजे थंडीत काही कामाचे नाहीत. मोजा निदान अर्ध्या पोटरीपर्यंत हवा.

पण एकावर एक दोन जाड मोजे कोंबून नेहमीच्याच मापाच्या बुटात पाय घातला, तर तो आधीपेक्षा लवकर गारठतो. ऊब लोकरीत नसते, लोकरीच्या धाग्यांत अडकलेल्या हवेत असते. बूट घट्ट झाला की ती हवाही गेली आणि रक्ताची वाटही आवळली. बूट घातल्यावर आत पाचही बोटे हलवून पाहा. हलली तर ठीक. थंडीसाठी बूट घ्यायचे असतील तर जाड मोजे बरोबर न्या आणि संध्याकाळी जा. दिवसभराच्या राबण्याने तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, माप बरोबर मिळते.

आता जोडव्यांचे. हा विषय बुटांच्या दुकानात कुणी काढत नाही, म्हणून इथे काढते. घट्ट जोडवे, त्यावर मोजा, त्यावर बूट असे झाले की चांदी बोटाला रुतते, मोज्याला भोक पडते ते निराळेच. तोंडाशी उघडी असलेली जोडवी हाताने थोडी सैल करून घेता येतात. उंच नक्षीची जोडवी सणावारी घालावीत, रोजच्यासाठी साधे पातळ वळे बरे. आणि बोट पांढरे पडत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर तेवढे दिवस जोडवे काढून देवघरात ठेवले तर काही बिघडत नाही. माझ्या सासूबाईंनीच मला हे सांगितले, म्हणून बिनदिक्कत लिहिते आहे.

साडीवर बूट घालायचे म्हटले की दुसरी अडचण. “काय हो बाई, परेडला निघालात का?” हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकले आहे, आणि म्हणणारे गृहस्थ स्वतः लोकरी मोजे आणि बूट घालून शेगडीशेजारी बसले होते! बाईने पायांत ऊबदार काही घातले की ते हसण्यासारखे का व्हावे, ते मला अजून समजलेले नाही. ज्यांना बूट नकोच असतील त्यांनी अंगठा वेगळा असलेले मोजे घालून मागून पट्टा असलेली चप्पल वापरावी. बाजारात मिळणारे ते अंगाच्या रंगाचे नायलॉनचे मोजे मात्र उन्हापुरते. थंडीला लोकरीचेच हवेत. पट्टा हवाच. गारठून बधिर झालेल्या पायातून चप्पल कधी निसटली ते कळत नाही, आणि चौकात पाय टेकायची वेळ आली की मग पंचाईत होते.

लोकरीबद्दल थोडे. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल शोषूनही अंगाला ओली लागत नाही. सुती मोजा घामाने भिजला की भिजलेलाच राहतो आणि पाय गार करतो. पण दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे पुष्कळसे गुंडे ॲक्रिलिकचे असतात. ओळखायचे असेल तर एक धागा तोडून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राखेचा चुरा झाला तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिकही अगदीच टाकाऊ नाही, लवकर वाळते. घरात मुलांचा आखूड झालेला स्वेटर असेल तर त्याच्या बाहीचा वीतभर तुकडा कापा, एक तोंड शिवून टाका. बोटांवर चढवायची छान टोपी होते. बूट ऐसपैस असेल तरच वापरा, एवढे लक्षात ठेवा.

गारठ्यापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे ओल. ओल्या पावलातली ऊब भराभर निघून जाते. हिवाळ्यात ओल कुठली, असे वाटेल. पण दव असते, धुके असते, शेताच्या पाटाचे पाणी रस्त्यावर आलेले असते, आणि अवकाळी पाऊस तर सांगून येत नाही. माझ्या वर्गात चार-पाच किलोमीटरवरच्या वाड्यावस्त्यांवरून सायकलने येणाऱ्या मुली आहेत. पहिल्या तासाला त्या बाकावर पाय पोटाशी घेऊन बसायच्या. वही उघडी, पण लक्ष सगळे पायांकडे. बूट काढायला लावले तर मोजे पिळून काढावेत इतके ओले! आता आम्ही एक केले आहे. प्रत्येकीने दप्तरात कोरडे मोजे कागदात गुंडाळून आणायचे, आल्याबरोबर पाय पुसून बदलायचे आणि ओले मोजे मागच्या खिडकीच्या गजांना लावायचे. मुख्याध्यापिका बाईंनी पहिल्या दिवशी ती रांग पाहून भुवया उंचावल्या, पण काही बोलल्या नाहीत. दुसरा जोड घ्यायला पैसे लागतात हे खरे. तरी एका नव्या बुटापेक्षा चार मोजे स्वस्त पडतात आणि उपयोग जास्त.

पाय भिजवणारे पाणी बहुतेक पुढच्या चाकाकडून उडते. हल्लीच्या मुलांच्या जाड टायरच्या सायकलींना मडगार्ड एक तर नसतेच, असले तर नावापुरते. जुन्या काळ्या सायकलीला पूर्ण लांबीचे मडगार्ड आणि खाली रबराची झडप असे, ती काही शोभेसाठी नव्हती. सायकलवाल्याकडून पुढच्या चाकाला लांब मडगार्ड बसवून घ्या आणि त्याच्या खालच्या टोकाला जाड रबराचा किंवा तेलाच्या रिकाम्या कॅनचा तळहाताएवढा रुंद तुकडा नटबोल्टने लावा. जमिनीपासून मूठभर अंतर राहील इतका लांब ठेवा आणि चाक फिरवून तो कुठे घासत नाही ना ते पाहा.

पाऊस आलाच तर प्लॅस्टिकची पिशवी मोज्यावर घालून मग बूट घाला. बुटावरून पिशवी बांधू नका, पायडलवरून पाय घसरतो. पोहोचल्याबरोबर ती काढून टाका, नाहीतर बाहेरचे पाणी अडले तरी आतल्या घामाने पाय भिजतो. कोरड्या थंडीत वर्तमानपत्राचा एक पदर बोटांभोवती गुंडाळून बूट चढवला तरी वारा अडतो. हसू नका, टूर द फ्रान्स या मोठ्या शर्यतीतले सायकलपटूसुद्धा डोंगर उतरताना छातीवर वर्तमानपत्र खुपसत आले आहेत. ओल्या बुटातही कागदाचे बोळे कोंबून ठेवावेत आणि तासाभराने बदलावेत. गॅसजवळ किंवा शेगडीवर बूट वाळवले की चामडे तडकते, तळाचा डिंक सुटतो.

बूट शेगडीवर नको, तसा पायही नको. गारठलेले पाय एकदम कढत पाण्यात घातले किंवा हीटरला लावले की कित्येकींची बोटे लाल होऊन सुजतात आणि जीव नकोसा करणारी खाज सुटते. आधी पाय कोरडे पुसा, कोरडे मोजे घाला, घरात चार फेऱ्या मारा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर गरम पाण्याची पिशवी पायांना लावूच नये. पावलांची जाणीव कमी झालेली असली तर भाजलेले कळत नाही, फोड आल्यावर कळते. त्यांनी बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काटा नाही ना तेही पाहावे. आणि थंडीत कुणाची बोटे वारंवार पांढरी, मग निळी पडत असतील तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

रात्री भांडी आवरली की पाय धुऊन बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा. चिखल्या काही फक्त पावसाळ्यातच होतात असे नाही. भेगांना कोकमाचे तेल कोमट करून लावा, बेचक्यांत मात्र तेल नको. वर जुने सुती मोजे चढवून झोपा. इथे सुतीच बरे, तेलाने खराब झाले तरी हळहळ नाही.

आणि सायकल दुकानात जाणारच आहे तर पायडलही बघून घ्या. रबर झिजून लोखंड उघडे पडले असेल तर पातळ तळाच्या चपलेतून ते थेट पावलाला गार लागते आणि ओल्या तळाखाली निसरडेही होते. रबरे बदलायला सायकलवाल्याला फारसा वेळ लागत नाही.