इलॅस्टिकचा स्कर्ट नीट बसत नाही? कात्री नंतर, उसवणे आधी

इलॅस्टिकच्या कमरेचा स्कर्ट शिवायला सोपा, असे सर्वच म्हणतात. चेन नाही, हुक नाही, काजे-बटण नाही. पुढचा व मागचा भाग बाजूंनी जोडला, वर नेफा केला, इलॅस्टिक ओवले की काम झाले. घरी मशीन घेऊन बसणाऱ्या आमच्या अनेक भगिनी याच कामापासून सुरुवात करतात आणि दुकानदारही नवख्या हाताला असाच माल देतात. परंतु सोपे काम बिघडते तेव्हा दुरुस्तीही घाईत होते, आणि खरे नुकसान त्या घाईत असते.

आमच्या परिचयातील एका भगिनीची गोष्ट सांगतो. 2023 च्या रमजानपूर्वी तिने एका दुकानदाराचे दोन डझन स्कर्ट शिवून दिले. "मागून वर उचलतात" म्हणून माल परत आला. तिने प्रत्येक स्कर्टची पुढची खालची कड एक इंच कापून घेर समान केला. आता सगळे नग आखूड झाले आणि बाजूची शिवण तरीही मागे ओढलेलीच राहिली. दुकानदाराने माल घेतला नाही. शिलाई तर बुडालीच, वर कापडाची किंमतही तिच्या हिशेबातून वजा झाली. ईदच्या तोंडावर त्या घरावर काय ओढवले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. दुःख याचे की ते चोवीसही नग वाचवता आले असते. दोष वर कमरेत होता आणि कात्री खाली चालली.

म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, इलॅस्टिकच्या स्कर्टचे बहुतेक दोष कमरेत किंवा सीटमध्ये असतात. ते वरून दुरुस्त करावेत. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते, कापलेले कापड परत येत नाही.

आधी अंगावर पाहा

दोष टेबलावर पसरून कळत नाही. ज्या व्यक्तीसाठी स्कर्ट आहे तिला तो घालायला सांगून बाईमाणसानेच चारी बाजूंनी पाहावे. दुकानाचा माल असेल तर त्या मापाच्या घरातील कोणाला तरी घालून पाहावा. कमरेवर एक दोरा बांधून दोन पावले चालायला सांगावे. दोरा जिथे आपोआप स्थिरावतो तीच खरी कंबर. मग तीन गोष्टी तपासाव्यात : बाजूची शिवण सरळ खाली पडते का, खालची कड जमिनीपासून सगळीकडे सारख्या उंचीवर आहे का, आणि सीटवर आडव्या वळ्या पडतात का.

कंबर सैल किंवा घट्ट

हा सर्वात हलका दोष. नेफ्याची शिवण मागच्या बाजूला दोन इंच उसवावी, इलॅस्टिक बाहेर ओढावे, जोड सोडवून माप कमी करावे किंवा नवे घालावे. साधारणपणे इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा दोन ते तीन इंच कमी घेतात आणि जोडासाठी एक इंच जास्त ठेवतात. म्हणजे 30 इंच कमरेला 27 ते 28 इंच, अधिक जोडाचा एक इंच. पण हा हिशेब डोळे मिटून लावू नये. कोणते इलॅस्टिक मऊ असते, कोणते ताठ. जोड पक्का करण्यापूर्वी सेफ्टी पिन लावून ते अंगावर पाच मिनिटे ठेवून पाहावे. बसल्यावर पोटाला रुतू नये आणि चालताना खाली सरकू नये.

आणखी एक खात्री करावी. ताणलेले इलॅस्टिक सीटवरून सहज वर चढले पाहिजे. नाहीतर पहिल्याच दिवशी जोड तुटेल.

इलॅस्टिक गुंडाळले जाते

नेफा गरजेपेक्षा रुंद असला की आतले इलॅस्टिक पलटते. नेफ्याची पोकळी इलॅस्टिकच्या रुंदीपेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फार तर दोन सूत जास्त असावी. पाऊण इंच इलॅस्टिकला आतल्या मुडपणीसह सव्वा इंच कापड पुरते. नेफा आधीच रुंद झाला असेल तर वरच्या कडेला समांतर आणखी एक शिवण मारून पोकळी कमी करावी. नंतर चुण्या सारख्या पसरून दोन्ही बाजूंच्या शिवणीवर इलॅस्टिकसह एकेक उभी शिवण मारावी, म्हणजे ते जागचे हलत नाही.

इलॅस्टिक विकत घेताना ताणून पाहावे. वेणीसारखे गुंफलेले स्वस्त इलॅस्टिक ताणल्यावर अरुंद होते आणि लवकर पलटते. कमरेसाठी ताणूनही रुंदी टिकवणारे विणीचे इलॅस्टिक घ्यावे. दोन पैसे वाचवून परत आलेला माल महाग पडतो.

सीटवर आडव्या वळ्या

स्कर्ट सीटवर अडकतो, चालताना वर चढतो आणि कमरेखाली आडव्या वळ्या पडतात, तेव्हा घेर कमी पडला आहे असे समजावे. न ताणणाऱ्या कापडाचा घेर सीटच्या मापापेक्षा निदान दोन-तीन इंच जास्त हवा. दुरुस्ती बाजूच्या शिवणीत आहे. दर शिवणीत दोन थर असतात, म्हणून दोन्ही शिवणी प्रत्येकी पाव इंच बाहेर सरकवल्या तरी एकूण घेर एक इंच वाढतो. म्हणूनच कापताना शिवणीत एक इंच मार्जिन ठेवावे. मार्जिनच नसेल तर दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत त्याच कापडाची अरुंद पट्टी जोडावी. ती दोन्हीकडे सारखी असली की नमुन्यासारखी दिसते.

कमरेवर चुण्यांचा गठ्ठा

जाड कापड आणि मोठा घेर एकत्र आले की पोट फुगलेले दिसते. अशा वेळी सीटच्या रेषेपासून वर बाजूच्या शिवणी थोड्या आत घ्याव्यात. परंतु वरचे तोंड सीटच्या मापापेक्षा लहान होता कामा नये, नाहीतर स्कर्ट अंगावर चढणारच नाही. कंबर व सीट यांच्यात दहा-बारा इंचांचा फरक असेल तर पुढे सपाट पट्टी, मागे फक्त इलॅस्टिक आणि बाजूला चेन, हा मार्ग बरा. ही वाढीव मजुरी गिऱ्हाइकाला आधीच सांगावी.

मागून किंवा पुढून उचललेला घेर

आता त्या दोन डझन स्कर्टांकडे येऊ. पुढचा व मागचा भाग एकाच उंचीचा कापला होता. सीटच्या उंचवट्यावरून जाताना मागच्या कापडाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून मागची कड वर जाते. पोट पुढे असेल तर पुढची कड अशीच उचलते.

यावर उपाय असा. नेफा उसवून इलॅस्टिक काढावे. स्कर्ट अंगावर चढवून त्यावरून कमरेला वेगळे इलॅस्टिक बांधावे. मग त्याखालून कापड वर-खाली सरकवत खालची कड जमिनीला समांतर व बाजूची शिवण सरळ करून घ्यावी. बांधलेल्या इलॅस्टिकच्या कडेने खडूची खूण करावी. हीच नवी कंबररेषा. मागे कापड कमी पडत असेल तर नेफ्यात दुमडलेले सव्वा इंच कापड तिथे मोकळे होते. ते सरळ करून वेगळ्या पट्टीचा नेफा जोडावा. पुढे जास्त झालेले कापड कापू नये, पट्टीच्या आत दुमडावे. लांबी थोडी कमी वाटली तर खालची दुमड सोडून ती भरून काढता येते. खालची कड आधीच कापली असती तर हा मार्ग बंद झाला असता.

पुढील लॉटसाठी मागच्या भागाची वरची कड मध्यभागी सुमारे एक इंच उंच ठेवून बाजूंकडे उतरती कापावी. अंब्रेला कट असेल तर स्कर्ट एक रात्र टांगून ठेवावा. तिरप्या धाग्याचे कापड लोंबते. ते लोंबल्यानंतरच खालची कड समान करून दुमडावी. येथे मात्र कात्री खाली चालवणे योग्य आहे. सुती कापड कापण्यापूर्वी धुऊन घ्यावे, म्हणजे नंतर आटण्याची तक्रार येणार नाही.

जबाबदारी कोणाची?

अनेकांची कामे घेणाऱ्या शिंप्यासारख्या कारागिराला हनफी फिकहमध्ये अजीर मुश्तरक म्हणतात. त्याच्या हातून काम करताना गिऱ्हाइकाचे कापड बिघडले तर भरपाई त्याच्यावर येते. कापड ही अमानत आहे, हे आपण बोलतो. कात्री उचलताना ते आठवले पाहिजे. दुकानदार बंधूंनीही आपले कर्तव्य ओळखावे. पूर्ण लॉट देण्यापूर्वी एक नग शिवून घ्यावा, तो अंगावर पाहून पसंत करावा आणि मगच बाकीचा माल सोडावा. एका नगाची चूक चोवीस नगांत जाऊ देणे हा फक्त कारागिराचा दोष नाही.

प्रत्येक मापाची कंबर, सीट, लांबी आणि वापरलेल्या इलॅस्टिकची लांबी एका वहीत लिहून ठेवावी. दोन-चार महिन्यांत ही वही मशीनइतकीच उपयोगी पडू लागेल. हिशेबाने केलेल्या कामात अल्लाह बरकत देवो.