पडद्यावरचे चाचे

चाचा म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. तरीही चित्रपटातील चाचा शिपायांच्या हातून निसटला, की प्रेक्षक टाळ्या वाजवितात. असे का व्हावे?

स्टीव्हन्सन यांची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८३ साली पुस्तकरूपाने निघाली. तीवरील १९५० सालच्या चित्रपटात लाँग जॉन सिल्व्हर हा लंगडा चाचा आहे. खांद्यावर पोपट, जिभेवर साखर आणि पोटात कपट! शेवटी तो होडीतून पळू लागतो, तेव्हा जिम हा मुलगा ती मुद्दाम वाळूत रुतवितो. सिल्व्हर पिस्तूल रोखतो खरा, परंतु त्याच्याने गोळी झाडवत नाही. मग जिमच ती होडी ढकलू लागतो! लबाडाच्या मनातही माया असते, हे जिमप्रमाणे प्रेक्षकांनाही दिसते.

दुसरे आकर्षण मोकळेपणाचे. अठराव्या शतकाच्या आरंभी व्यापारी गलबतांवरील खलाशांच्या वाट्याला अपुरे अन्न आणि चाबकाचे फटके येत. चाच्यांच्या गलबतांवर मात्र कप्तान बहुधा मतांनी निवडला जाई आणि लुटीचे वाटे आधीच ठरलेले असत. (इंग्रजांनी कान्होजी आंग्रे यांनाही चाचा म्हटले, वस्तुतः ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते.)

लुटल्या गेलेल्या माणसांचे हाल पडद्यावर क्वचितच येतात. चाच्यांचा खरा शेवटही तेथे सहसा दिसत नाही. ब्लॅकबिअर्ड हा प्रसिद्ध चाचा १७१८ साली इंग्रज आरमाराशी लढताना मारला गेला. त्याचे मस्तक विजयी गलबताच्या नाळेवर टांगण्यात आले.