चहा कोणता ते नंतर, आधी चहा कधी ते बघा!

सावळज किंवा मणेराजुरीहून सकाळची एसटी पकडून तासगावला कॉलेजला यायचं, तर नाश्ता कसला? चहा-चपाती! चपातीची सुरळी कपात बुडवायची, चार घासांत संपवायची आणि पळायचं. स्टँडवर उतरलं की मित्रांबरोबर गुळाचा चहा. दुपारी डबा संपला की परत एक. तुमचंही असंच चालतं ना?

मोबाइलवर रोज नवा सल्ला येतो. ग्रीन टी घ्या, वजन उतरेल. गुळाचा चहा घ्या, रक्त वाढेल. यातला दुसरा सल्ला जरा तपासून बघू. गुळात थोडं लोह असतं, हे खरं. पण चहात चमचाभर गूळ टाकून त्यातलं किती पोटात जाणार? शिवाय चहातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. म्हणजे रक्त वाढवायला घेतलेला कपच आडवा येतो. गूळ चवीसाठी खुशाल घाला, पण शेवटी तीही साखरच.

जेवणासोबत चहा घेतला तर धान्य, डाळी, पालेभाज्यांतलं लोह अंगी लागण्याचं प्रमाण निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. मुलींनो, हे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. जिना चढताना धाप लागते, लेक्चरला डोळे मिटतात, आणि आपण तरतरी यावी म्हणून अजून एक चहा मागवतो! हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे का, हे एकदा तपासून घ्या. लोहाची गोळी चालू असेल तर ती चहाबरोबर अजिबात नको.

ग्रीन टीनं हा प्रश्न सुटत नाही. ग्रीन टी आणि आपली चहापूड एकाच झाडाच्या पानांची, फरक फक्त पानांवरच्या प्रक्रियेचा. दोन्हींत हृदयाला उपयोगी मानली जाणारी द्रव्यं आहेत, आणि लोह अडवणारीही तीच. गवती चहाची गोष्ट वेगळी. ते मुळात गवत, त्यात कॅफिन नसतं. पण आपण तो चहापुडीबरोबरच उकळतो, मग काय उपयोग? नुसती पात आणि आलं उकळून बघा, परीक्षेच्या दिवसांत रात्री उत्तम.

चहा सोडा असं कुणी म्हणत नाही (सांगितलं तरी कोण ऐकणार!). चपाती भाजीबरोबर खा, वर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. आणि चहा तासाभरानं घ्या. एसटीच्या वेळेमुळे घरी ते जमत नसेल, तर घरचा कप वगळा आणि पहिलं लेक्चर झाल्यावर स्टँडजवळचा घ्या. तोही जरा निवू द्या. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्येच सांगितलंय.